दुसरी किल्ली



आषाढ लागला, की आमच्या वसईच्या पश्चिम पट्ट्यात दोन पाहुणे एकाच वेळी येतात. एक भाताची लावणी आणि दुसरा ताप. रोप तीन-साडेतीन आठवड्यांचे झाले, की ते खाचरात गेलेच पाहिजे. आणि याच दिवसांत साचलेल्या पाण्यावरचे डास हिवताप व डेंग्यू घेऊन येतात, दूषित पाण्यातून मुदतीचा ताप येतो, उघड्या जखमेनिशी चिखलात उतरणाऱ्याला लेप्टोस्पायरोसिसचे भय असते. ज्या महिन्यात घरातील प्रत्येक हात कामाला हवा, नेमक्या त्याच महिन्यात दोन हात अंथरुणाला खिळतात आणि आणखी दोन हात त्या अंथरुणापाशी गुंततात. उरलेल्या हातांनी काय काय करावे, हा प्रश्न शेतकऱ्याचा खरा. परंतु आपणा व्यापारी कुटुंबांनाही तो परका नाही. दिवाळीच्या तोंडावर आई आजारी पडावी आणि दुकान पाहणारा मुलगा एकटाच असावा, हा प्रसंग आपल्यापैकी कितीजणांच्या घरी येऊन गेला असेल!

आज एका वाडीची हकीकत सांगावयाची आहे. तीत माझी स्वतःची एक चूक आहे. इतकी वर्षे ती मी कोणाला फारशी सांगितली नाही. चातुर्मासाच्या आरंभी आपण मागचा हिशेब तपासतो, म्हणून ती येथे मांडतो.

वसईची वाडी ज्यांनी जवळून पाहिली नाही, त्यांच्यासाठी आधी दोन शब्द. निर्मळ, आगाशी, नंदाखाल, भुईगाव या बाजूला विहिरीच्या पाण्यावर केळी, पानवेल, भाजीपाला, नारळ आणि फुले पिढ्यान्‌पिढ्या पिकत आली. येथील राजेळी केळ्यांची सुकेळी आपल्या परिचयाची आहेच. पूर्वी विहिरीवर रहाट असे. पुढे इंजिन आले, मग विजेचा पंप. आगाशीला मुनिसुव्रतस्वामींच्या दर्शनाला जाताना या बागांची हिरवाई आपण डोळे भरून पाहतो. तिच्यामागे चालणारे घड्याळ मात्र आपल्याला दिसत नाही. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी धावली. पुढे हळूहळू वसईकराच्या घरात दोन घड्याळे आली, एक वाडीचे आणि एक लोकलचे. पहाटेच्या गाडीने फुले आणि भाजी घेऊन दादर गाठणारा आणि नंतरच्या गाडीने कचेरी गाठणारा, हे दोघे पुष्कळदा एकाच घरचे असतात. कधी कधी तर सारा भार एकाच माणसावर असतो.

असे एक गृहस्थ आमच्या शाखेत रोखपाल होते. साल १९९८. मी पश्चिम उपनगरातील एका शाखेचा व्यवस्थापक होतो आणि वसई रोडहून रोज जा-ये करीत असे. त्यांना शाखेत सारे ‘भाऊ’ म्हणत. निर्मळच्या बाजूला त्यांची तीस गुंठ्यांची वाडी होती. केळी, सोनचाफ्याची वीसेक झाडे, थोडी भाजी, दोन म्हशी आणि पावसाळ्यात भाताची दोन खाचरे. पहाटे साडेतीनला उठून बॅटरीच्या उजेडात चाफा खुडायचा, फुलांची टोपली दादरला जाणाऱ्याच्या हवाली करायची, म्हशींची धार काढायची, आणि सव्वासातच्या सुमाराची लोकल पकडून वेळेवर रोख खिडकीवर हजर व्हायचे, हा त्यांचा नेम. बारा वर्षांत त्यांच्या रोखीत एका रुपयाची तफावत आली नव्हती.

त्या जुलैतील एका गुरुवारी संध्याकाळी रोख जुळेना. पाच हजार रुपये कमी. तीनदा मोजणी झाली. शेवटी नोटांचा तपशील मांडल्यावर उलगडा झाला. पन्नासच्या नोटांचे एक बंडल जास्त होते आणि शंभरच्या नोटांचे एक कमी. कोणाला तरी पन्नासच्या ऐवजी शंभरचे बंडल गेले होते. नियमाप्रमाणे तूट रोखपालाने भरावयाची. भाऊ एक अक्षर बोलले नाहीत. मान खाली घालून त्यांनी कागदावर सही केली आणि गाडी चुकेल म्हणून घाईने निघून गेले.

मी त्या रात्री घरी बसून त्यांच्याकडून खुलासा मागणारा मेमो लिहिला. भाषा चोख होती. ‘आपल्या निष्काळजीपणामुळे’ अशी त्याची सुरुवात होती.

शुक्रवारी सकाळी शाखेचे दार उघडते न उघडते तोच एक किराणा व्यापारी माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. आदल्या रात्री रोजमेळ लिहिताना त्यांच्याकडे पाच हजार वाढले होते. रक्कम माझ्यापुढे ठेवून ते म्हणाले, “साहेब, हे तुमचे पैसे. पण एक विचारू? तुमच्या कॅशियरसाहेबांच्या घरी कोणी आजारी आहे का? काल नोटा मोजताना त्यांचे डोळे मिटत होते. बोलावेसे वाटले, पण मागे रांग होती.”

मला उत्तर देता आले नाही, कारण मला ठाऊकच नव्हते. एकाच रेल्वेमार्गावरून आम्ही रोज येत होतो. त्यांची खिडकी माझ्या टेबलापासून दहा पावलांवर होती. महिन्यातून दोनदा भेटणाऱ्या ग्राहकाने जे पाहिले, ते रोज भेटणाऱ्या व्यवस्थापकाने पाहिले नव्हते.

दुपारी भाऊंना आत बोलावून विचारले. तेव्हा समजले, की आईंना वैशाखात अर्धांगवायूचा झटका आला होता आणि गेल्या तीन आठवड्यांपासून वहिनी मुदतीच्या तापाने अंथरुणावर होत्या. डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितली होती. ज्या माणसाच्या डोक्यावर काळजीवाचून दुसरे काही नव्हते, त्याला मी रात्री कागदावर निष्काळजी ठरवून मोकळा झालो होतो.

रविवारी मी त्यांच्या वाडीवर गेलो. ओटीवर खाटेवर आई निजलेल्या. आतल्या खोलीत वहिनी. सातवीतली मुलगी चुलीपाशी पेज ढवळीत होती. सहज चौकशी केली तेव्हा कळले, की तीन आठवडे ती शाळेत गेलेली नाही. भाऊंच्या बँकेतल्या रजा शिल्लक होत्या. मुलीच्या लग्नाच्या वेळी लागतील म्हणून त्यांनी त्या राखून ठेवल्या होत्या. आणि त्या मुलीची रजा मात्र रोज लागत होती, कोणत्याही वहीत न लिहिता.

तेवढ्यात शेजारच्या काकी दुधाचे रिकामे भांडे घेऊन आल्या. मला पाहून त्यांनी मन मोकळे केले. “बघा ना साहेब, रोज विचारते याला, काय करू सांग. आणि हा म्हणतो, काही नाही काकी, चाललंय.”

भाऊ थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “साहेब, मदत करणारी माणसे आहेत हो. पण कोणाला काय सांगायचे, ते ठरवायलाच मला वेळ नाही. सगळे माझ्या डोक्यात आहे. सांगत बसण्यापेक्षा स्वतः केलेले लवकर होते.”

हे वाक्य मी आजवर विसरलो नाही. मदतीची उणीव नव्हती. मदत मागता येईल अशा रीतीने काम कोठे मांडलेले नव्हते, ही उणीव होती. व्यवहारात मुरलेल्या, कर्तबगार माणसाची हीच गत होते. त्याला सारे येते म्हणून सारे त्याच्याकडे येते, आणि सारे त्याच्याकडे असल्यामुळे दुसऱ्या कोणाला काहीच येत नाही.

काकींनी जुन्या कॅलेंडरचे एक पाठकोरे पान आणले. हिशेब मांडणे एवढेच मला येत होते, ते मी केले. भाऊंनी दिवसाची सारी कामे सांगितली, मी लिहिली. आधी वेळेप्रमाणे तीन रकाने पाडले. पहिला, आजचे आज झालेच पाहिजे अशा कामांचा. म्हशींची दोन वेळची धार, चाफ्याची खुडणी, आईंची दर दोन तासांनी कूस बदलणे, वहिनींची औषधे. आज उमललेला चाफा उद्या बाजारात कोणी घेत नाही आणि कूस बदलली नाही तर पाठीला जखमा होतात. दोन्हींना उद्या नसतो. दुसरा रकाना चार-आठ दिवस थांबतील अशा कामांचा. भाताची लावणी, तयार झालेले केळीचे घड, केळींना टेकू देणे. तिसरा, गणपतीनंतर पाहता येतील अशा कामांचा. कुंपण, पंपाची दुरुस्ती, झावळ्यांची आवराआवर. भाऊ गेले तीन आठवडे तिन्ही रकान्यांतील कामे एकाच घाईने करीत होते. ज्या रात्री रोखीत चूक झाली, त्याच्या आदल्या रात्री ते अकरा वाजेपर्यंत कुंपण बांधीत बसले होते, जे कुंपण दोन महिने थांबले असते.

मग त्याच पानावर दुसरा प्रश्न विचारला, ‘हे काम भाऊंवाचून आणखी कोणाला जमेल?’ एकेक काम खोडीत गेलो, तेव्हा शेवटी तीनच उरली. कोणता घड उतरवायचा ते ठरवणे, डॉक्टरांशी बोलणे, आणि आईंची आंघोळ. कारण सुनेवाचून आणि मुलावाचून त्या कोणाला हात लावू देत नसत. बाकी सारे कोणी ना कोणी करू शकत होते.

म्हशी अर्धेलीने काकींच्या गोठ्यात गेल्या. अर्धे दूध त्यांचे, अर्धे घरचे. चाफा खुडायला शेजारचा मुलगा येऊ लागला, त्याला शेकड्यामागे ठरावीक पैसे. लावणीला पुढच्या रविवारी चार घरची माणसे आली आणि दुपारपर्यंत दोन्ही खाचरे लागली. या रीतीला महाराष्ट्रात कोठे सावड म्हणतात, कोठे इर्जिक. सावडीत दिवसाची फेड दिवसाने करावयाची असते. इर्जिकीत घरधनी येणाऱ्यांना जेवू घालतो, मजुरी देत नाही. दोन्हींमागे शहाणपण एकच, की लावणीच्या आठवड्यात पैसे देऊनही मजूर मिळत नाही, कारण साऱ्या गावाची लावणी एकाच वेळी असते; तेव्हा हात हातानेच फेडावा लागतो. सोमवारी मुलगी शाळेत गेली.

शाखेत मी एवढेच केले, की भाऊंना महिनाभर रोख खिडकीवरून काढून आतल्या खातेवहीच्या कामाला बसविले आणि साठविलेल्या रजेतील दहा दिवस घ्यावयास लावले. रोख मोजणे हे झोप झालेल्या माणसाचे काम आहे. मेमो मी दिला नाही.

सारे गोड झाले असे मात्र मी लिहिणार नाही. टेकू वेळेवर न लागल्याने श्रावणातील वाऱ्यात निम्मी केळ आडवी झाली. दुधाचे निम्मे उत्पन्न तीन महिने गेले. वहिनी भाद्रपदात हिंडू-फिरू लागल्या. आई पुढच्या वर्षी गेल्या. आजार आपली किंमत वसूल करतोच. परंतु ती किंमत एकाच माणसाने भरावयाची की अनेकांनी थोडी थोडी, हे बऱ्याच अंशी आपल्या हाती असते.

वाचकहो, बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात, हे आपणास ठाऊक असेल. दोन्ही एकाच अधिकाऱ्याजवळ कधीही ठेवीत नाहीत. दोघे हजर असल्यावाचून तिजोरी उघडत नाही. एखादा आजारी पडला, तर ठरलेल्या पद्धतीने नोंदवहीत सही करून किल्ली दुसऱ्याच्या स्वाधीन केली जाते. याखेरीज किल्ल्यांचा आणखी एक संच दुसऱ्या शाखेत ठेवलेला असतो. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार नाजूक जबाबदारीच्या जागांवरील कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दहा दिवस सक्तीच्या रजेवर पाठवावे लागते. हेतू गैरव्यवहार उघड व्हावा हा असतो; पण त्यातून दुसरीही गोष्ट आपोआप तपासली जाते, की या माणसावाचून हे टेबल चालते का. परक्यांच्या पैशांसाठी आम्ही इतकी दक्षता घेत होतो. स्वतःच्या घरासाठी घेतली होती का?

नव्हती. २००९ साली माझ्या थोरल्या बंधूंवर बायपास शस्त्रक्रिया झाली. त्यांचे किराण्याचे घाऊक दुकान. उधारीची वही होती, पण कोणाला किती दिवसांची सवलत, कोणाच्या मालात काय वजा करायचे, कोणाला तोंडी काय कबूल केले आहे, हे सारे त्यांच्या डोक्यात. चालू खात्यावर सही त्यांची एकट्याची. अतिदक्षता विभागात त्यांच्याकडून धनादेशावर सही कशी घ्यावी, या विवंचनेत वहिनी आणि पुतण्या बाहेर बसलेले होते. बँकेत उभा जन्म घालविलेला सख्खा भाऊ घरात असताना ही स्थिती! दुकान सतरा दिवस बंद राहिले. मालाचे पैसे थकले, आणि पुतण्याचे बी.कॉम.चे शेवटचे वर्ष त्या गडबडीत वाया गेले. निर्मळच्या वाडीत जे पान मी लिहिले होते, ते माझ्या भावाच्या दुकानात कधी लिहिले नव्हते.

म्हणून अनुभवाअंती काही सूचना करतो. त्या उपदेश म्हणून नव्हे, तर उशिरा शहाणपण सुचलेल्या माणसाचे निवेदन म्हणून घ्याव्यात.

घर असो, वाडी असो वा पेढी, कामांचे एक पान आजच लिहावे. आजचे आज कोणते, आठवडाभर थांबेल ते कोणते, महिनाभर थांबेल ते कोणते, आणि प्रत्येकापुढे दुसरे नाव कोणाचे. आजारपणात हे पान लिहिण्याची उसंत मिळत नाही. सर्व धडधाकट असतानाच ते लिहावयाचे असते.

तारखांची यादी वेगळी करावी, कारण तारीख कोणाचा ताप पाहत नाही. जीएसटीचे मासिक ३बी विवरणपत्र पुढच्या महिन्याच्या २० तारखेला जाते. उशीर झाल्यास दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क आणि कर थकला तर त्यावर १८ टक्के व्याज. ज्यांची शेती आहे त्यांनी किसान क्रेडिट कार्डाची मुदत टिपून ठेवावी. ३ लाखांपर्यंतच्या पीक कर्जावर ७ टक्के व्याज असते आणि वेळेवर फेड करणाऱ्याला ३ टक्क्यांची सवलत मिळते. घरातल्या आजारात ती तारीख चुकली, तर ४ टक्क्यांचे कर्ज ७ टक्क्यांचे होते. पैसे हाताशी असूनही केवळ आठवण न राहिल्याने सवलत गमावलेली कुटुंबे मी पाहिली आहेत.

खात्यावर दुसऱ्या सहीची सोय करावी. बचत खाते ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ या पद्धतीचे असावे. व्यवसायाच्या खात्यासाठी विश्वासू व्यक्तीच्या नावे अधिकारपत्र द्यावे. मुखत्यारपत्र करावयाचे तर शुद्धीत आणि समजत असतानाच करता येते. आणि वेळ आलीच, तर एवढे ध्यानात ठेवावे. ग्राहक आजारपणामुळे सही करू शकत नसेल व बँकेतही येऊ शकत नसेल, तर त्याच्या हाताच्या किंवा पायाच्याही अंगठ्याचा ठसा चालतो. त्यासाठी बँकेला माहीत असलेले दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात आणि त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. बँकेला कळविल्यास अधिकारी रुग्णापर्यंत येऊ शकतो. २००९ साली त्या बाकावर बसलेल्या वहिनींना हे सांगायला मला दोन दिवस लागले, कारण माझेही डोके जागेवर नव्हते.

विमा अवश्य असावा, पण त्याच्या मर्यादा ओळखाव्यात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आज कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण आहे. खासगी पॉलिसीही आपल्यापैकी बहुतेकांकडे असतात. मात्र विमा रुग्णालयाचे बिल भरतो, म्हशीची धार काढीत नाही. दुकानाचे कुलूपही उघडीत नाही. त्यासाठी माणसे लागतात, आणि माणसे हप्ता भरून मिळत नाहीत. ती आधीच्या सावडीतून मिळतात.

यातील एक किल्ली घराबाहेर असावी, हे २०२० ने शिकविले. त्या मार्चमध्ये लोकल थांबली. १५ जूनपासून ती सुरू झाली तीही केवळ अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी. देवळे बंद, दादरचा रस्ता बंद, वाडीत फुले झाडावरच सुकली. पण त्याहून कठीण गोष्ट अशी, की आजार घरात शिरला म्हणजे अख्खे घर एकदम निजत असे. पहिली किल्ली बापाकडे आणि दुसरी मुलाकडे, आणि दोघेही एकाच खोलीत तापाने फणफणलेले. अशा वेळी ज्यांच्या घरची व्यवस्था शेजाऱ्याला, मेहुण्याला, जुन्या मुनीमजींना ठाऊक होती, त्यांच्या दारात भाजी आली, औषध आले, गुरांना वैरण मिळाली. बँक किल्ल्यांचा दुसरा संच दुसऱ्या शाखेत का ठेवते, हे मला निवृत्तीनंतर उमगले.

आता शेवटचा मुद्दा, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपल्या परंपरेत वैयावच्चाला, म्हणजे सेवेला, सहा आभ्यंतर तपांत स्थान आहे. आणि ज्यांची सेवा करावयाची त्यांच्या दहा प्रकारांत ‘ग्लान’, म्हणजे आजारी साधू, स्पष्टपणे सांगितला आहे. साधूंविषयीचा तो भाव आपण घरातल्या अंथरुणापर्यंत आणावयास काय हरकत आहे? पर्युषणात अठ्ठाई करणाऱ्याची आपण अनुमोदना करतो, पारणे थाटाने करवितो. ते योग्यच आहे. पण सहा महिने सासूबाईंची कूस बदलणाऱ्या सुनेला, दुकान मिटवून रात्री बापाच्या उशाशी बसणाऱ्या मुलाला, शाळा बुडवून पेज ढवळणाऱ्या मुलीला आपण कधी विचारतो का, की बाई, तू झोपलीस किती? तपस्व्याची शाता विचारण्याची रीत आपल्याकडे आहे. सेवा करणाऱ्याची शाता विचारण्याची रीतही घराघरात पडावी. त्याला पारणे म्हणजे एक रात्र अखंड झोप. ती देणे कोणाही नातेवाइकाला जमण्यासारखे आहे. फळांची करंडी घेऊन रुग्णाला भेटावयास जाण्यापेक्षा, ‘आज रात्री मी बसतो, तुम्ही निजा,’ असे म्हणावयास जावे.

आणि जो सेवा करतो त्याच्याकडूनही एक अपेक्षा आहे. कोणी ‘काय करू?’ असे विचारले, तर ‘काही नाही, चाललंय’ हे उत्तर देऊ नये. ते नम्रतेचे वाटते, पण त्याने विचारणाऱ्याच्या तोंडावर दार लागते. पान काढावे आणि एक ओळ दाखवावी. ‘उद्या सकाळी एवढे कराल का?’

तो मेमो अजून माझ्या कपाटात, १९९८ च्या डायरीत घडी करून ठेवलेला आहे. दरवर्षी आषाढात डायऱ्यांची धूळ झटकताना तो हाती येतो, आणि पहिल्या ओळीतला तो शब्द मी एकदा वाचतो. मग फोन उचलून एखाद्या घरी विचारतो, की तुमच्याकडे सारे कसे आहेत, आणि जो सारे पाहतो तो कसा आहे. या महिन्यात आपणही असा एक फोन करावा, एवढीच विनंती.

जय जिनेंद्र.